कमळतळ्यातील नवशिके



वसंतातील व्याख्यानांत इतिहास, साहित्य, अध्यात्म आणि राजकारण या विषयांना मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. आमचा आजचा विषय त्या पंक्तीत सहज बसणारा नाही. संगीत लिहून छापण्याची एक संगणकीय आज्ञावली, तिच्यावर कोणा एकाची मक्तेदारी नसणे, आणि तिच्यात भर घालावयास शिकणारी नवखी माणसे, असा हा तिपेडी विषय आहे. संगीताच्या रसिकास यातील संगणक नकोसा वाटेल आणि संगणकावर पोट भरणाऱ्यास यातील सारेगम. तरीही तो कोपरीत मांडावा असे आम्हांस वाटले. सकाळी ठाणे स्टेशनच्या पूर्वेच्या बाजूने जी तरुण मंडळी गाडी पकडण्यासाठी धावत असतात, त्यांतील कितीतरी जण आज्ञावल्या लिहिण्याचेच काम करतात. आणि संध्याकाळी याच वस्तीत पेटीच्या क्लासातून अलंकार घोटणाऱ्या मुलांचे आवाज कानी येतात. भाऊ आज्ञावली लिहितो आणि बहीण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी वहीत बंदिशींचे स्वरलेखन करते, अशी घरे येथे दुर्मिळ नाहीत. या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम स्वरलिपीविषयी दोन शब्द बोलू. आपल्याकडे गाणे हे कंठातून कंठात जात आले. गुरूने सांगावे, शिष्याने घोटावे, आणि घराण्याची खास चीज असेल तर तिला कुलूप लावून ठेवावे, अशी रीत होती. गायक निर्वतला की त्याच्याबरोबर कित्येक चिजाही जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्यास मौलाबक्ष यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवून शाळेत संगीत शिकविले. पुढे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची स्वरलिपी केली, आणि ती छापण्यासाठी छापखानाही घातला. पं. विष्णु नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांनी हिंदुस्थानभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या आणि आपल्या लिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत लोकांपुढे ठेवल्या. जे एका घराण्याच्या तिजोरीत होते ते चार आण्यांची वही घेऊन बसलेल्या मुलाच्या हाती आले. आज ज्याला ‘मुक्त’ ज्ञान म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी सुचत नाही.

भातखंडे यांच्या लिपीची चिन्हे थोडी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली अर्धचंद्र, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या सामग्रीवर हजाराहून अधिक बंदिशी लिहिल्या गेल्या. पलुसकरांच्या लिपीत मात्र डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तकाची खूण आहे. म्हणजे एकाचे वरचे टिंब आवाज चढवावयास सांगते आणि दुसऱ्याचे उतरावयास. आपल्या घरात ही गोष्ट मुलांना ठाऊक असते. जगातल्या एखाद्या हुशार अभियंत्यास ती ठाऊक असण्याचे कारण नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याकडे आम्हांस परत यावयाचे आहे.

आता संगणकाकडे वळू. पाश्चात्त्यांचे संगीत पाच रेघांवर लिहितात. ते छापण्यासाठी पूर्वी धातूच्या पत्र्यावर कुशल कारागीर हाताने चिन्हे ठोकीत आणि कोरीत. संगणक आल्यावर हे काम यंत्राकडे गेले आणि छपाई स्वस्त झाली, परंतु पानाची कळा गेली. दोन डच वादक मित्र, हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन, यांना ही गोष्ट टोचली. बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या रचनांची १९५० सालची हाताने कोरलेली आवृत्ती आणि पन्नास वर्षांनंतरची संगणकी आवृत्ती शेजारी ठेवून त्यांनी असा प्रश्न विचारला की, जुन्या पानावरून वाजविताना डोळा अडत नाही आणि नव्यावर अडतो, हे का? १९९६ च्या सुमारास त्यांनी लिहावयास घेतलेली आज्ञावली म्हणजे ‘लिलीपाँड’. लिलीपाँड म्हणजे कमळांचे तळे. आपले ठाणे हे तळ्यांचे गाव असल्यामुळे हे नाव आपल्यास परके वाटू नये.

या आज्ञावलीत चित्र काढावयाचे नसते. स्वरांची अक्षरे टंकित करावयाची आणि छपाईयोग्य पान यंत्राने मांडून द्यावयाचे. दुसरी अशीच आज्ञावली ‘म्यूजस्कोर’. वर्नर श्वेअर या जर्मन गृहस्थाने २००२ साली तिचा आरंभ केला. तीत पानावर प्रत्यक्ष चिन्हे मांडता येतात, म्हणून शाळांतून आणि घरांतून तिचा प्रसार फार झाला. या दोन्ही आज्ञावल्या मुक्त परवान्याखाली आहेत. मुक्त म्हणजे केवळ फुकट असा अर्थ घेऊ नये. अण्णांच्या लग्नातले जेवण फुकट असते, पण आचाऱ्याने मसाल्यात काय घातले ते तो सांगत नाही. मुक्त आज्ञावलीत आचारी आपल्यास स्वयंपाकघरात बोलावतो, पाककृती हाती देतो, आणि म्हणतो, हवे तर मीठ वाढवा. मात्र तुम्ही केलेला पदार्थ दुसऱ्यास वाढाल तेव्हा त्याची कृतीही त्याच्यापासून लपवू नका. परवान्याचे सार एवढेच आहे.

यात व्यवहार काय, असे कोणी विचारील. एक ताजी हकीगत सांगतो. ‘फिनाले’ नावाची संगीतलेखनाची विकत मिळणारी आज्ञावली १९८८ पासून बाजारात होती. असंख्य संगीतकारांनी आयुष्यभराचे काम तिच्यात साठविले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तिच्या मालकांनी जाहीर केले की, पस्तीस वर्षांनंतर आम्ही हे काम थांबवीत आहोत. नव्या यंत्रावर तिला अधिकृत करून घेण्याची सोयही वर्षभराने बंद होईल, असे प्रथम सांगण्यात आले. लोकांनी ओरड केली तेव्हा ती सोय चालू ठेवण्याचे मान्य झाले. मालकांनी काही अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. दुकान त्यांचे, फळ्या लावण्याचा हक्कही त्यांचा. प्रश्न आहे तो ज्यांची वही त्या दुकानात राहिली त्यांचा. आपल्या मराठीलाही हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी खाजगी अक्षरसंचांत टंकित केलेली किती पुस्तके आणि स्मरणिका आज उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांची रांगोळी उमटते! मजकूर आहे, पण तो वाचण्याची किल्ली तेव्हाच्या यंत्राबरोबर भंगारात गेली.

मुक्त आज्ञावलीवर ही पाळी सहसा येत नाही, कारण मूळ लेखक थकले तरी दुसऱ्याने ते काम उचलावयास कायद्याची आडकाठी नसते. परंतु येथेच खरी मेख आहे. आडकाठी नाही एवढ्याने काम उचलले जात नाही. उचलणारा माणूस लागतो, आणि तो तयार करावा लागतो. विहीर सार्वजनिक असली तरी गाळ कोणी तरी काढावाच लागतो. तेव्हा मुक्त आज्ञावलीचे आयुष्य तिच्या परवान्यावर जितके अवलंबून आहे, तितकेच ती नवशिक्यांना कशी वागविते यावरही आहे, हे आमचे आजचे मुख्य प्रतिपादन आहे.

लिलीपाँडच्या मंडळींना हे लवकर उमगले. २००७-०८ च्या सुमारास त्यांनी मार्गदर्शक ग्रंथाचे मोठे पुनर्लेखन हाती घेतले, आणि त्या कामावर मुद्दाम नवख्यांना लावले. त्यानंतर थोड्याच काळाने, साधे वापरणारे लोक जे लहानसहान दोष दुरुस्त करावयास पुढे आले, त्यांची एक तुकडी करण्यात आली. तळे म्हटल्यावर त्या तुकडीस नाव काय द्यावे? ‘फ्रॉग्ज’, म्हणजे बेडूक! आपल्याकडे बेडकाची कीर्ती फारशी चांगली नाही. कूपमंडूक हा शब्द आपण ज्याची दृष्टी विहिरीच्या कडेपलीकडे जात नाही त्याला लावतो. येथे मात्र जो आपल्या विहिरीतून उडी मारून सर्वांच्या तळ्यात आला, तो बेडूक. शब्द तोच, पण दिशा उलटी.

या बेडकांना काय शिकावे लागते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण दुरून हे काम एकतर जादूचे वाटते, नाही तर क्षुल्लक.

पहिली पायरी म्हणजे दोष नीट सांगता येणे. एखादा म्हणतो, ‘माझ्या दोनशे ओळींच्या रचनेत कुठेतरी काहीतरी चुकते आहे.’ यावर कोणी काय करणार? लिलीपाँडमध्ये नवख्यास सांगतात की दोष दाखविणारे लहानात लहान उदाहरण करून आण. मग तो माणूस दोनशे ओळींतून एकेक ओळ काढीत जातो. दोष अजून दिसतो का? दिसतो. आणखी काढ. शेवटी दोन स्वर आणि एक चिन्ह उरते आणि दोष तेथे उघडा पडतो. वैद्याने ‘अंग दुखते’ एवढ्यावर न थांबता बोट नेमके कोठे ठेवू ते विचारावे, तसे हे आहे. पुष्कळ वेळा हे उदाहरण लहान करता करताच दोषाचे कारण सापडते. आज्ञावली लिहिण्याचा एक शब्दही न येता माणूस येथे उपयोगी पडतो.

दुसरी पायरी म्हणजे सबंध आज्ञावली आपल्या यंत्रावर मुळापासून बांधून चालविणे. येथे बहुतेकांचा दम उखडतो. लिलीपाँडचे अंतरंग सी प्लस प्लस आणि स्कीम या दोन भाषांत आहे. त्यांच्या जोडीला इतर पुष्कळ साधने लागतात आणि एक नसले की गाडी अडते. हे ओळखून जुन्यांनी ‘लिलीडेव्ह’ नावाची सारी साधने आधीच मांडून ठेवलेली व्यवस्था तयार केली. लग्नघरी नव्या आचाऱ्यास चूल पेटवून, भांडी घासून ठेवून मग बोलवावे, तसे. हे सौजन्य दिसावयास लहान, पण किती जण दारातून परत गेले नाहीत, ते अशा सौजन्यामुळेच.

तिसरी पायरी, बदल कोठे करावयाचा ते शोधणे. लाखो अक्षरांच्या त्या अरण्यात नवखा भांबावतो. पण लिलीपाँडची घडण सोयीची आहे. आत निरनिराळे ‘एनग्रेव्हर’, म्हणजे कोरक आहेत. जुन्या पत्रे कोरणाऱ्या कारागिरांचेच नाव त्यांना दिले आहे. एक कोरक स्वरांची डोकी मांडतो, दुसरा तालाच्या उभ्या रेघा, तिसरा गीताची अक्षरे. ज्याला गीताच्या अक्षरांत दुरुस्ती करावयाची, त्याने साऱ्या सैन्याची ओळख करून घेण्याची गरज नाही. एका शिपायाशी बोलणे झाले की पुरते.

चौथी पायरी परीक्षेची. आपला बदल दुसरे काही बिघडवीत नाही हे दाखवावे लागते. त्यासाठी हजाराहून अधिक लहान लहान उदाहरणांचा संग्रह ठेवलेला असतो. बदलापूर्वीचे पान आणि नंतरचे पान यंत्र शेजारी ठेवते, आणि फरक पडला तेथे खूण करते. एके ठिकाणचे टिंब वर सरकविले तर दुसऱ्या टोकास कंस वाकडा होतो, असे वारंवार घडते. तबल्याची एक गट्टी ठोकली की साऱ्या पुडीचा सूर पुन्हा पाहावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

पाचवी पायरी सर्वांत कठीण, आणि तिचा संगणकाशी संबंध थोडा आहे. आपला बदल, ज्याला त्यांच्या भाषेत ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात, तो सर्वांपुढे मांडावयाचा. मग जाणते लोक तो वाचतात. ‘हे नाव बरोबर नाही’, ‘हे दुसऱ्या ठिकाणी आधीच आहे’, ‘मोकळी जागा चुकली’, ‘मुळात असे करावेच का?’ असे शेरे येतात. ठिगळ दुरुस्त करून पुन्हा मांडावयाचे, आणि पुन्हा शेरे घ्यावयाचे. शेवटी कोणाची हरकत उरली नाही की एक मुदत, साधारण दोन दिवसांची, जाहीर होते. तेवढ्यात कोणी काही बोलले नाही तर ते ठिगळ मूळ वस्त्रात शिवले जाते. आपल्याकडच्या तालमीतही उस्ताद शिष्यास शंभरदा थांबवीत असे, पण ते चार भिंतींच्या आत. येथे टोकणारा जगाच्या दुसऱ्या टोकास असतो आणि टोकलेले सर्वांना दिसते. आमची पुष्कळ मुले बुद्धीने कमी पडत नाहीत, या उघड्या टोकण्याला भितात. शाळेत चूक म्हणजे गुण कापणे असे शिकलेल्या मुलास, चूक दाखविणारा आपला वेळ खर्च करून आपल्यास शिकवीत आहे, हे उमजावयास काळ लागतो. ज्याला ते उमजले त्याचे निम्मे शिक्षण झाले.

आता जुन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. जे काम जाणता माणूस अर्ध्या तासात करील, ते नवख्याकडून करवून घ्यावयास त्याची सबंध संध्याकाळ जाते. इतके करून नवखा पहिल्या ठिगळानंतर नाहीसा झाला तर ती संध्याकाळ फुकट गेली. हे सारे लोक बहुधा आपला धंदा सांभाळून रात्री हे काम करणारे. तेव्हा ‘आम्हांस शिकवा’ असे म्हणणाऱ्याने शिकविण्याची किंमत ओळखावी. येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. दर ऑक्टोबरात मुक्त आज्ञावल्यांना हातभार लावण्याचा एक उत्सव २०१४ पासून भरत असे, आणि ठरावीक संख्येने बदल सुचविणाऱ्यास टी-शर्ट बक्षीस मिळे. २०२० साली या टी-शर्टसाठी जगभरच्या आज्ञावल्यांवर निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी एक शब्द वाढवी, कोणी एक मोकळी जागा, आणि या पुरात आपल्या देशातील विद्यार्थी पुष्कळ होते. आठवड्याच्या आतच नियम बदलून, ज्यांची संमती असेल त्यांच्याच दारी जाण्याची अट घालावी लागली. प्रसादाची रांग लावणे आणि देऊळ झाडावयास जाणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आपल्यास कोणी नव्याने शिकवावयास नको होते.

आता मघाचा मुद्दा. लिलीपाँडमध्ये स्वरांची नावे मुळात डच रीतीची. कर्त्यांची मायबोलीच ती. पण आज तीत इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फिनिश, अरबी अशा किती तरी रीती चालतात. तुर्कांचे मकाम आहेत, स्कॉटलंडच्या मशकवाद्याचे अलंकार आहेत, जुन्या रशियन चर्चगायनाची कीव्ह पद्धतीची चौकोनी चिन्हेही आहेत. ही सारी भर मूळच्या दोघा डच मित्रांनी घरी बसून पाडली नाही. ज्या त्या संगीताची जाण असणारी माणसे तळ्याशी आली, म्हणून ती पडली. म्यूजस्कोरचीही अशीच एक गोष्ट आहे. तीत अंधांसाठी ब्रेल संगीतलिपी पडद्यावर चालू लिखाणाबरोबर दिसण्याची सोय २०२३ साली आली. त्या कामात व्हिएतनाममधील साओ माय या अंधांसाठी झटणाऱ्या केंद्राचा मोठा वाटा आहे. ज्यांना गरज होती ते अर्ज करून थांबले नाहीत, कामाला आले.

या मोठ्या पंक्तीत भातखंडे यांच्या लिपीचे पान कोठे आहे? लिलीपाँडच्या मूळ भांडारात ते अजून मांडले गेलेले नाही. व्यक्तिशः कोणी कोणी आपापल्या सोयीचे अक्षरसंच आणि साधने केली आहेत, आणि त्यांचे श्रम मोलाचे आहेत. परंतु एकट्याने केलेली सोय बहुधा त्याच्या यंत्राबरोबर जाते. सार्वजनिक भांडारात घातलेली सोय पुढील मंडळी सांभाळतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि म्हणूनच ते आपले आहे. एखादा म्हणेल, स्वरनामांच्या कोष्टकात ‘सा रे ग’ घातले की झाले. तसे होत नाही. इटालियनांचा ‘दो’ एका ठरलेल्या पट्टीत बसलेला असतो. आपला षड्ज गायकाच्या गळ्याबरोबर फिरतो. काळी एक असो की काळी पाच, सा तो साच. पुढे तालाची अडचण आहे. पाश्चात्त्य लेखनात तालखंडाचा पहिला ठोका सामान्यतः वजनाचा धरतात. आपल्या रूपकात आजच्या प्रचाराप्रमाणे सात मात्रांचे आवर्तन खालीनेच सुरू होते. समेवर टाळी नसते. झपतालाचे दहा दोन-तीन-दोन-तीन असे विभागतात. आणि भातखंडे-लिपीतील स्वर रेघांवर बसत नाहीत. ते मात्रांच्या घरांत अक्षरांसारखे बसतात, त्यांच्याखाली बंदिशीची अक्षरे नेमक्या त्याच घरात यावी लागतात, आणि अवग्रह कोठे पडतो त्यावर गाण्याची फेक ठरते. युट्रेख्टमधील किंवा बर्लिनमधील कितीही कुशल अभियंता असो, त्याला हे कोण सांगणार? त्याला रूपक माहीत नाही हा त्याचा दोष नाही. आम्हांस माहीत असून आम्ही तळ्याच्या काठावरच उभे राहिलो, तर तो मात्र आमचा दोष ठरेल.

येथे गाण्यातील जाणकारांचा एक जुना आक्षेप येईल. गाणे कागदावर उतरत नाही. मींड, श्रुती, आंदोलन, आवाजाचा लगाव हे टिंबांत सापडत नाही. मग या खटाटोपाने साधणार काय? भातखंडे यांच्या हयातीतही हाच आक्षेप होता, आणि तो खरा आहे. नकाशा म्हणजे प्रवास नव्हे. परंतु नकाशा नसलेल्या प्रदेशात वाटा बुजतात, हेही तितकेच खरे आहे. आपल्या ठाण्याचे पं. राम मराठे यांच्यासारखा गवई अनेक गुरूंकडून विद्या मिळवून ती गळ्यात सांभाळू शकला. ज्याच्यापाशी तसा गळा नाही आणि तितके गुरूही नाहीत, अशा सामान्य विद्यार्थ्यास वहीच आधार आहे. आणि आज कित्येक घरांतील जुन्या गायनशिक्षकांच्या वह्या पिवळ्या पडून तुटत आहेत. त्यांचे छायाचित्र काढले तर पान टिकेल; पण स्वर यंत्रास कळतील अशा रीतीने लिहिले, तर ते शोधता येतील, पट्टी बदलून वाजविता येतील, अंध विद्यार्थ्यासाठी ब्रेलमध्ये उतरविता येतील. सांगीतिक मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्यासाठी ‘म्युझिक-एक्स-एम-एल’ नावाचा एक समान साचा २००४ पासून प्रचारात आहे. ज्यांच्या दारावरून १८५३ पासून रेल्वे जाते त्यांना रुळांचे माप सगळीकडे एकच असण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आपल्या लिपीचे डबेही त्या रुळांवर चढले पाहिजेत.

दुसरा आक्षेप संसारी माणसाचा. दिवसभर कचेरीत आज्ञावल्या लिहून आलेल्या मुलाने रात्री पुन्हा फुकट का लिहावे? पगाराचे काम पगारासाठी करावे, त्यात कमीपणा काही नाही. पण कचेरीत तो ज्या यंत्राचा एक स्क्रू आवळतो ते यंत्र त्याला सबंध पाहावयास मिळत नाही. येथे सबंध यंत्र उघडे आहे, आणि वीस-वीस वर्षे त्यात घालविलेले लोक त्याचे लिखाण वाचून दाखवितात. अशी शिकवणी पैसे टाकूनही मिळणार नाही. शिवाय, हे सभागृह पाहा. सतरंज्या घालणाऱ्यास, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यास येथे कोण वेतन देतो? वाचनालये, गणेशोत्सव, व्याख्यानमाला या रीतीने चालविलेला समाज ‘फुकट का करावे’ असे विचारू लागला, तर त्याने आपलीच ओळख विसरली म्हणावयाची.

मग करावे काय? आमच्या सूचना लहान आहेत. संगीत शिकणाऱ्यांनी म्यूजस्कोर किंवा लिलीपाँड उतरवून घेऊन एक साधी सरगम तीत लिहून पाहावी, आणि कोठे अडते ते टिपावे. ते टिपण हेच पहिले योगदान होय. शिक्षकांनी आपल्या लिपीचे नियम, अपवादांसह, शुद्ध मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहून काढावेत. कारण ज्याचे नियम लिहिलेले नाहीत त्याची आज्ञावली होत नाही. लिलीपाँडचे मार्गदर्शक ग्रंथ स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी अशा भाषांत आहेत, मराठीत नाहीत. ज्यांची भाषा चांगली आहे त्यांना तेथे रान मोकळे आहे. आज्ञावली लिहू शकणाऱ्या तरुणांनी प्रथमच सबंध भातखंडे-लिपी खांद्यावर घेऊ नये. आधी दुसऱ्या कोणाचा एखादा लहान दोष दुरुस्त करावा, टोकून घ्यावे, रीत शिकावी. घरात वावर झाला की मग आपला पाट मांडावा. ज्यांना पायाच नाही त्यांच्यासाठी पवईच्या आय. आय. टी. ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्स, सी प्लस प्लस यांसारख्या विषयांचे धडे मराठी निवेदनासह करून ठेवले आहेत. पवई येथून काही लांब नाही, आणि ते धडे तर घरबसल्या मिळतात.

आणि जे यातून शिकून जाणते होतील त्यांना एक विनंती. तुम्हांस ज्याने धीराने टोकले त्याचे ऋण त्याला परत देता येणार नाही. तुमच्यानंतर येणाऱ्यास तितक्याच धीराने टोकून ते फेडावे लागेल. भातखंडे आणि पलुसकर यांनी कुलुपे उघडली ती आपण आत जाऊन पुन्हा कडी लावावी म्हणून नव्हे.

लहानपणी आपण सर्वच तळ्यात-मळ्यात खेळलो आहोत. त्या खेळात चुकीच्या वेळी उडी मारणारा बाद होतो, म्हणून पुष्कळ मुले उडीच मारीत नाहीत. या कमळतळ्यात मात्र चुकलेल्या उडीने कोणी बाद होत नाही. पुन्हा मार म्हणतात. तेव्हा आमच्या तरुण मित्रांनी ती मारावी.